शिकलेलं पिल्लू पुन्हा घरात शू करायला लागतं तेव्हा

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर साडेचार महिन्यांचा आहे, नर. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. तीन महिन्यांचा असतानाच तो गॅलरीत पेपरवर आणि सकाळ-संध्याकाळ खाली बागेत शी-शू करायला शिकला. मग महिनाभर घरात एकदाही घाण केली नाही, म्हणून त्याला घरभर मोकळा सोडायला लागलो. पाऊस सुरू झाल्यावर गॅलरीतले पेपर भिजायला लागले, तेही बंद केले. आता पंधरा दिवस झाले, रोज दोन-तीनदा हॉलमध्ये शू, सोफ्यामागे शी आणि परवा तर सरळ आमच्या गादीवर. खाली नेलं तर वीस मिनिटं हुंगत हिंडतो, काही करत नाही. वर आलो की दारातच करतो. सासरे म्हणतात मुद्दाम करतोय, नाक घासा त्यात. दोनदा घासलंही. पुढच्या महिन्यात गणपतीला कोकणात न्यायचंय. काय करावं?

उत्तर:

तो मुद्दाम करत नाही आणि विसरलेलाही नाही. विसरायला आधी पूर्ण शिकावं लागतं आणि तुमचं पिल्लू अजून तिथवर पोचलंच नव्हतं. तो एक महिना घर कोरडं राहिलं, कारण शिकला होतात ते तुम्ही. उठला की गॅलरी, जेवला की गॅलरी, पेपर कायम अंथरलेले, पिल्लू नजरेसमोर. वेळ तुम्ही सांभाळत होतात, जागा पेपर दाखवत होता. पिल्लाला कळलं होतं ते एवढंच की पायाखाली कागद आला की मोकळं व्हायचं. मग एकाच सुमारास तुमची नजर हटली, पेपर गेला आणि खाली पाऊस आला. पुण्यात मी बरीच वर्षं कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवते आहे. जून-जुलैत येणाऱ्या फोनांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. दुसरा हंगाम दिवाळीचा. तेव्हा फटाक्यांच्या धास्तीने खाली पाऊलच न टाकणारी पिल्लं येतात.

मात्र शिकवणीला हात घालण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या. सगळं ठीक चाललेलं असताना अचानक बिघडलं की आधी शरीर तपासायचं, हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला असेल तर पिल्लू वारंवार बसतं, थेंब-थेंब करतं, कुंथतं, तिथे सारखं चाटत राहतं. कधी शूला लालसर झाक असते. माद्यांमध्ये हे जास्त दिसतं, पण नरांना होतच नाही असं नाही. सकाळची पहिली शू एका स्वच्छ वाटीत धरा (लांब दांड्याचा डाव असेल तर वाकायचं काम वाचतं) आणि तासाभरात दवाखान्यात पोचवा. उशीर होणार असेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा. संसर्ग नेमका कुठल्या जंतूचा हे बघायचं असेल, तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण पिल्लं फारशी कुरकुर करत नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम विचारते, कारण पावसाळ्यात ती हमखास सापडते. गेल्या महिन्यात त्याला खाज सुटली होती का आणि त्यावर काही गोळ्या चालू आहेत का? त्या गोळ्यांत स्टेरॉइड असेल तर तहान वाढते आणि तहान वाढली की शू वाढते. बिचाऱ्या पिल्लाच्या हातात काहीच राहत नाही. गोळ्या मनाने बंद करू नका, एकदम थांबवणं धोक्याचं असतं. फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. औषध चालू नसेल तरी एक दिवस पाणी मोजून बघा. सकाळी बाटलीने मोजून भांडं भरा, रात्री उरलेलं मोजा. किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी नेहमीचं. 100 मिलीच्या वर रोज जात असेल, म्हणजे पंधरा किलोच्या पिल्लाने रोज दीड लिटरहून जास्त संपवलं, तर तो आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा. शी पातळ असेल तर तीही तपासून घ्या. या वयात जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) दोन्ही असू शकतात. सहा महिन्यांचा होईपर्यंत जंताचं औषध दर महिन्याला चालू हवं, ते बऱ्याच घरांत तिसऱ्या महिन्यानंतर राहून जातं. उलट्या, रक्ताची शी आणि पिल्लू मलूल, असं दिसलं तर मात्र हे सगळं वाचत बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतो.

डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं असं धरून पुढे जाते. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात बोलकं वाक्य आहे ते ‘खाली काही करत नाही, वर आला की दारातच करतो’. याला घरोघरी हट्टीपणा म्हणतात. मला त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे पाऊस. गवत ओलं, पोटाला गार पाणी लागतंय, गाड्यांचा आवाज दुप्पट, जमिनीचा वास रोज धुऊन जातोय. शू करताना प्राणी काही क्षण हतबल असतो. जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे तो आवरून धरतो आणि ओळखीच्या कोरड्या जागी आल्यावर सोडतो. दारातलं पायपुसणं ही तर पिल्लांची खास आवडती जागा, कारण ते मऊ असतं, शोषून घेतं आणि पंजे ओले होत नाहीत. गादीचंही तेच. गादीवर केलं म्हणून घरातल्यांना जास्त राग येतो, पण त्याच्या लेखी गादी म्हणजे मोठं पायपुसणं.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नसेल. पाऊस सुरू झाल्यापासून खाली गेल्यावर त्याने शू केली की तुम्ही लगेच वर आणत होतात ना? छत्री सांभाळत कोण उभं राहणार! पण पिल्लू हिशेब शिकतं. शू केली की फिरणं संपतं, म्हणून ते लांबवायला लागतं. याचा उपाय सोपा आहे, पुढे सांगते.

तिसरी गोष्ट नाक घासण्याची. सासरेबुवांवर टीका करायचा हेतू नाही. त्यांच्या पिढीत सगळीकडे हेच सांगितलं जायचं. पण त्यातून पिल्लू काय शिकतं ते बघा. शू करून झालेली असते, ते दुसरीकडे खेळत असतं, कुणीतरी मानेला धरून ओढत आणतं आणि नाक त्यात दाबतं. ‘घरात करायची नाही’ हा धडा त्यातून निघतच नाही. निघतो तो ‘माणसासमोर करायची नाही’ हा. म्हणून शी सोफ्यामागे जाते. आणि म्हणूनच खाली पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही उभे असताना तो वीस मिनिटं नुसता हुंगत राहतो. तुमच्या या दोन्ही तक्रारींत याच कारणाचा हात आहे.

यावर ‘पण त्याला कळतं हो, आम्ही आलो की कान पाडून बसतो’ असं हमखास ऐकायला मिळतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर नेमका हाच प्रयोग केला. मालक बाहेर गेल्यावर काही कुत्र्यांना मनाई केलेला खाऊ खाऊ दिला, काहींना नाही; आणि मालकाला मात्र प्रत्यक्षात काय घडलं ते कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो अपराधी चेहरा खाऊ खाल्ला की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. ज्यांनी खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे तर जास्तच पडलेले होते. तेव्हा कान पडले म्हणजे कबुलीजबाब नव्हे. तुमचा आवाज चढला, एवढंच त्याला कळलेलं असतं.

आता कामाला लागू. सुरुवात फरशीपासून, कारण जुना वास राहिला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. आपल्याला वास येत नाही म्हणजे तो गेला असं समजू नका. रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने हॉल बघा. शूचे डाग फिकट पिवळट-हिरवट चमकतात आणि ते कुठे कुठे निघतात ते पाहून तोंडात बोट जाईल. सोफ्याचे पाय, पडद्यांची खालची कड आणि दोन फरश्यांमधली सांध आवर्जून तपासा. सांधेत मुरलेली शू नुसत्या पोछ्याने निघत नाही.

ओलं दिसलं तर आधी जुन्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका. ते फडकं बादलीत बुचकळून त्याच पाण्याने सगळं घर पुसायचं नाही. हे कामाच्या मावशींना प्रेमाने समजावून सांगा, कारण एका कोपऱ्यातला वास घरभर पसरवण्याचं काम रोज सकाळी त्या बादलीतूनच होत असतं. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर त्या जागेवर चांगलं ओतून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. फवारलं आणि पुसलं तर पैसे वाया. ते नसेल तर एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून वापरा आणि नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसा. आधी फिनेल मारलेलं असेल तर तेही साध्या पाण्याने काढून मगच एन्झाइम लावा. फिनेल तर घरातून काही महिने हद्दपारच करा. पिल्लू त्या ओल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं आणि ते रसायन पोटात जातं. अमोनिया असलेले काचेचे क्लीनर शूच्या वासाच्या जवळ जातात, तेही नकोत. ब्लीच तर अजिबात नको, शूतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला झोंबणारा विषारी वायू सुटतो. व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसा असा सल्ला सगळीकडे दिसतो. व्हिट्रिफाइड टाइलवर तो चालेल. पण संगमरवर, शहाबादी आणि कोटा हे चुन्याचे दगड आहेत; आम्लाने त्यांची झिलई जाते, डाग पडतो आणि खरखरीत झालेली फरशी पुढची शू जास्तच शोषून घेते.

गादीचं आवरण धुवा, गादीवर एन्झाइम मुरवा, पंख्याखाली वाळवा आणि पुढचा महिना-दीड महिना बेडरूमचं दार बंद. पायपुसणी, सतरंज्या, गालिचा सगळं उचलून ठेवा. घर लग्नघरासारखं रिकामं दिसेल, पण तेवढं सोसा.

आता पिल्लाला पुन्हा पहिलीत बसवायचं. पुढचे दोन-तीन आठवडे असं समजा की तो कालच घरी आलाय. घरभर मोकळा सोडणं बंद. तो तीन ठिकाणीच असेल: तुमच्या नजरेसमोर, कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर किंवा त्याच्या स्वतःच्या छोट्या जागेत. कमरेला पट्टा बांधून स्वयंपाक करणं विचित्र वाटतं, पण त्यासारखा उपाय नाही. पिल्लू गोल फिरायला लागलं, नाक जमिनीला टेकवून झपाझप हुंगायला लागलं, खेळता खेळता मध्येच थांबलं, की ते तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. एरवी हे सोफ्यामागे घडतं आणि तुम्हाला नुसता निकाल सापडतो. छोटी जागा म्हणजे प्लेपेन (घडीचं कुंपण), जाळीचं दार लावलेला कोपरा किंवा क्रेट (कुत्र्याचा झोपायचा पिंजरा), ज्यात तो उभा राहू शकेल, वळू शकेल, पाय पसरून झोपू शकेल, पण एका टोकाला झोपून दुसऱ्या टोकाला शू करता येईल एवढी मोठी नाही. कुत्र्याला स्वतःची झोपायची जागा घाण करायला मुळात आवडत नाही. तीन आठवड्यांची पिल्लंसुद्धा धडपडत अंथरुणाबाहेर जाऊन शू करायला लागतात. त्याआधी आई चाटून त्यांना मोकळं करते आणि सगळं साफ करते.

इथे एक अपवाद. पिल्लू पिंजऱ्यातून विकत घेतलेलं असेल तर त्याची ही उपजत चीड मेलेली असू शकते. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबद्दलच्या केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी पस्तीस-चाळीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. आई-भावंडांजवळून इतक्या लवकर उचललेलं आणि स्वतःच्या घाणीत दिवस काढलेलं पिल्लू क्रेटमध्येही बिनदिक्कत करतं. तुमच्या पिल्लाचं असं असेल तर क्रेटचा नाद सोडा, पट्टाच वापरा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर झोपेतून उठल्यावर लगेच, जेवणानंतर पाच ते वीस मिनिटांत, दंगामस्तीच्या मध्ये आणि नंतर, रात्री झोपण्याआधी शेवटचं. शिवाय जागा असेल तर दर तास-दीड तासाला. ‘जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास धरतो’ हे गणित तुम्ही ऐकलं असेल. ते झोपलेल्या पिल्लाचं, आणि तेही कमाल मर्यादेचं गणित आहे. साडेचार महिन्यांचं पिल्लू झोपेत पाच तास काढेल, पण चेंडूमागे धावताना पाऊण तासातही त्याला लागू शकते. दिवसभर घर रिकामं असेल तर कुठलीही शिकवण चालत नाही. तुमच्याकडे सासरे घरी असतात हे भाग्य समजा.

खाली गेल्यावर जागा एकच. पंधरा किलोचं पिल्लू कडेवर घेऊन रोज लिफ्टने उतरणं होणार नाही, म्हणून पट्टा आखूड धरून, कुठे न थांबता, थेट त्या जागी. तिथे जाऊन गप्प उभे राहा. फोन खिशात. पट्टा सैल, नजर दुसरीकडे, कारण आत्ता त्याला तुमच्या नजरेची भीती आहे. सुरुवातीला थोडा लांब पट्टा वापरलात तर अजून बरं. पाच-सात मिनिटं थांबा. त्याने केलं की होत असतानाच हळू आवाजात एक ठरलेला शब्द म्हणा, ‘शू कर’ चालेल, आणि संपता क्षणी तिथेच खाऊ द्या. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बोटाच्या पेरभर तुकडा, नेहमीची बिस्किटं नकोत. वर आल्यावर दिलेला खाऊ हा वर आल्याचा खाऊ असतो. आणि मग, हे महत्त्वाचं, वर यायचं नाही; आता फिरायला जायचं. हुंगणं, मुलांना भेटणं, धावणं हे सगळं शू झाल्यानंतर. चार-पाच दिवसांत तो हिशेब उलटा मांडायला लागेल.

नाहीच केलं तर? तर फिरणं नाही, वर या, पण पट्टा सोडू नका. कमरेला बांधून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली. लागलं तर तिसऱ्यांदाही. दारात जी शू व्हायची ती याच पंधरा मिनिटांतली होती. तिला जागाच मिळाली नाही तर ती खाली होणार. पहिले दोन दिवस लिफ्टमनला वाटेल तुम्हाला काहीतरी झालंय.

घरात करताना सापडला तर ओरडू नका. ‘ए ए’ एवढंच हलकेच म्हणत उचला, नाहीतर पट्टा धरून ठरलेल्या जागी न्या. तिथे उरलेलं केलं तर खाऊ. करून झाल्यावर सापडलं तर चूपचाप पुसा. त्याच्याकडे बघूही नका.

सासरेबुवांना या सगळ्यात घ्या, आणि तेही मोठ्या हुद्द्यावर. खाऊची डबी त्यांच्याकडे द्या. दुपारची फेरी त्यांची, बक्षीस द्यायचा अधिकार त्यांचा. ज्या हाताने नाक घासलं त्याच हातून आठवडाभर चिकन मिळालं की पिल्लाची भीती झपाट्याने उतरते. आजोबा मंडळी एकदा या कामात पडली की सुनांपेक्षा काटेकोर निघतात, असं मी वारंवार पाहिलंय. तेच मग बाकीच्यांच्या चुका काढायला लागतात, त्याची मात्र तयारी ठेवा.

पाऊस जोराचा असेल त्या वेळेसाठी गॅलरीतली सोय परत सुरू करा, पण पेपरऐवजी ट्रे. पेपर भिजतो, उडतो आणि मुख्य म्हणजे पेपरवर शिकलेल्या पिल्लाला खुर्चीशेजारी पडलेला आजचा पेपरही तितकाच योग्य वाटतो. प्लास्टिकचा पसरट ट्रे घ्या, त्यात माती किंवा वाळू आणि जमल्यास नर्सरीतून आणलेला खऱ्या हिरवळीचा तुकडा. खाली बागेत जे पायाला लागतं तेच वर लागायला हवं, म्हणजे दोन्हीकडची शिकवण एकच होते. त्याची शू टिपलेला एक कागदाचा कपटा पहिल्या दिवशी ट्रेमध्ये पुरून ठेवा, जागा कळायला मदत होते. गॅलरीला पावसाचा पडदा लावून घ्या. बऱ्याच मराठी घरांत पिल्लाला मोरीत शू करायला शिकवतात. पाणी ओतलं की काम झालं, सोय आहेच. पण मग मोठेपणी तो तासभर फिरून, सगळं धरून, मोरीत करायला घरी येतो. कायमचं तसं चालणार असेल तर मोरी उत्तम, नाहीतर ट्रे.

खाली कोरडी जागा बघून ठेवा. कुठल्याही सोसायटीत स्लॅबखाली, भिंतीच्या कडेला, हातभर पट्टा तरी कोरडा असतो. तिथली शी लगेच उचला, शूवर बाटलीभर पाणी ओता, म्हणजे सेक्रेटरींची चिठ्ठी येणार नाही. डबक्यातलं पाणी मात्र प्यायला देऊ नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो पावसाळ्यात वाढतो आणि तो माणसालाही होतो. लसीच्या पुस्तकात लेप्टोची नोंद आहे ना, तेवढं बघून घ्या.

खाण्याच्या वेळा पक्क्या करा: दिवसातून तीनदा, भांडं वीस मिनिटांनी उचला. जे ठरल्या वेळी आत जातं ते ठरल्या वेळी बाहेर येतं. दूध बंद, बहुतेक पिल्लांना ते पचत नाही, शी पातळ होते आणि पातळ शी कुणालाच धरता येत नाही. पाणी कमी करून शू कमी करण्याची युक्ती कुणी सांगेल, ती करू नका. झोपण्याआधी तासभर भांडं उचललं तर एक वेळ चालेल, दिवसा कधीच नाही.

रोजच्या नोंदी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवा, ज्याच्या त्याच्या तारखेच्या चौकोनात: वेळ आणि जागा, बाकी काही नको. आठवड्याने उभं-आडवं वाचा. बहुतेक घरांत अपघात एखाद-दोन वेळांभोवतीच गोळा झालेले दिसतात. संध्याकाळी सगळे घरी येतात तेव्हा, किंवा सकाळी डब्यांच्या गडबडीत. तिथे एक फेरी वाढवली की निम्मा प्रश्न मिटतो.

यात एक वेगळा प्रकार ओळखून बाजूला काढा. पाहुणा आला, कुणी वाकून हात लावला आणि पिल्लाने अंग चोरून, कान मागे टाकून जराशी शू सोडली, तर ती शिकवणीतली चूक नाही. ती भिडेची किंवा आनंदाची शू, तिच्यावर त्याचा ताबा नसतो. येणाऱ्याने त्याच्याकडे न बघता आत यावं, मग खाली बसून कुशीच्या बाजूने हात लावावा. रागावलात तर वाढते, दुर्लक्ष केलंत तर वर्षभरात बहुतेक पिल्लांची आपोआप जाते. आणि झोपेत अंथरूण ओलं होणं हा तिसराच प्रकार, तो डॉक्टरांचा. मादी पिल्लांत जन्मापासून असं होत असेल तर मूत्रवाहिनी चुकीच्या जागी जोडलेली असण्याची शक्यता तपासावी लागते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि हस्कींमध्ये ते तुलनेने जास्त दिसतं.

सलग तीन आठवडे घर कोरडं राहिलं की एक खोली उघडा. एकच. त्या खोलीत पहिले काही दिवस पट्ट्यासकट, त्याच्याशी खेळत, तिथे एक वेळचं जेवण देत. आठवडाभर निभावलं की पुढची खोली. बेडरूम सगळ्यात शेवटी. महिनाभर घर कोरडं आहे म्हणून सगळी दारं एका दिवसात उघडली, तर तुम्ही पुन्हा आहात तिथेच येणार. सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान तो पाय वर करायला लागेल आणि पडद्यावर, दाराच्या चौकटीवर थोडं थोडं शिंपडून बघेल. ती खूण करण्याची शू, तिचं कारण आणि उपाय दोन्ही वेगळे. तेव्हा नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. नियम मात्र तेच: नजर, पट्टा, एन्झाइम.

आता कोकण. कुत्र्यांना एका जागेची शिकवण दुसऱ्या जागी आपोआप लागू करता येत नाही. पुण्यातल्या घरात शू करायची नाही याचा अर्थ गावच्या घरात करायची नाही असा त्याच्या लेखी होत नाही. म्हणून गावी पोचल्यावर तो पुन्हा पहिलीत, आणि तुम्हीही कमरेला पट्टा बांधून. वाटेत दर दोन तासांनी उतरवा. गाडी थांबली की आधी घरात नेऊन सगळ्यांना दाखवायचा मोह होईल, तो आवरा. पहिल्यांदा परसात एक जागा ठरवून तिथे शू, खाऊ, मग ओळखी. गॅलरीतल्या ट्रेमधली मूठभर माती पिशवीत घालून न्या आणि त्या जागेवर टाका. मखराची खोली त्याला पूर्ण बंद, कारण तिथे सतरंज्या, पाट, फुलं, प्रसाद सगळं जमिनीवर. आरतीच्या वेळी झांजांच्या आवाजाला घाबरणार असेल तर आधीच मागच्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा. रानात हिंडवून आणलंत तर कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. लसीचं पुस्तक बरोबर असू द्या. आणि पहिल्या दोन दिवसांसाठी पिल्लू कुणाच्या अंगावर ते निघण्याआधीच ठरवा; जी व्यक्ती मोदक वळायला बसणार आहे ती सोडून कुणीही.